एकतिसावा फोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात छोट्या प्रकाशनांच्या पुस्तकांबद्दल एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही पुस्तकं लेखकाचे नातेवाईक आणि मित्र सोडून कोणी वाचत नाही, आणि अभिप्राय म्हणून जे येतं ते "फारच सुंदर, अभिनंदन" एवढंच, म्हणजे लग्नातल्या आहेरासारखं, आज मी तुला दिला उद्या तू मला दे. पत्र वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे हे आधीच सांगते, कापायचं तर कापा पण मधला एसटीचा भाग ठेवा ही विनंती.

मी नारायण पेठेत एका छोट्या प्रकाशनात अकरा वर्षं काम करतेय. दोन खोल्या, वर माळा, माळ्यावर पुस्तकांचे गठ्ठे. आमचे प्रकाशक (आम्ही त्यांना सर म्हणतो), मी, आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर येणारा एक मुलगा, एवढाच स्टाफ. बिलं, पार्सलं, टॅलीतल्या एंट्र्या आणि फोन हे सगळं माझ्याकडे. वर्षाला सहा-सात पुस्तकं निघतात, एक आवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा ५०० प्रती, कविता असतील तर ३००. प्रकाशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, जाहिरात केल्यासारखं होईल.

फोन मीच घेते म्हणून अभिप्रायांची वही पण माझ्याकडेच आहे. २०० पानी लाँगबुक, आता चौथी चालू आहे. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं होतं की पुस्तकाबद्दल कोणीही काहीही बोललं, अगदी भांडलं तरी, तारीख घालून लिहून ठेवायचं, माणूस कुठल्या गावचा ते लिहायचं आणि कुठल्या पानाबद्दल बोलतोय ते विचारायचं. मला तेव्हा वाटलं हे कशाला, रजिस्टर काय कमी आहेत का. आता ऑफिसला आग लागली तर मी आधी ती वही उचलेन, टॅलीचा बॅकअप नंतर.

तर त्या पत्रातलं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पहिले तीस फोन ओळखीतलेच असतात. प्रकाशन समारंभ होतो, लेखकाचे मामा, ऑफिसातले लोक, दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळे येतात, हॉलच्या बाहेरच्या टेबलावरून एकेक प्रत घेतात, सही घेतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून छान झालं म्हणतात. पुस्तक अजून पिशवीतून बाहेर आलेलं नसतं. यात मला काही वाईट दिसत नाही, आपल्या माणसाने पुस्तक लिहिलंय याचा आनंद आहे तो, आणि त्यांच्या पैशातून आमचं निदान छपाईचं पहिलं बिल भागतं. पण वहीत मी त्या फोनच्या पुढे नुसती बरोबरची खूण करते, पान नंबर विचारत नाही.

मग दोन-तीन महिने काहीच नाही. पूर्ण शांतता. लेखक दर आठवड्याला फोन करून विचारतो, काही कळलं का, आणि मला नाही म्हणायचं जिवावर येतं. आणि मग कधीतरी भर दुपारी एकतिसावा फोन येतो. तो ओळखीचा नसतो. तो हॅलोच्या पुढे थेट पान नंबर सांगतो.

एसटीच्या पुस्तकाचं सांगते. एका रिटायर्ड कंडक्टरांनी लिहिलेल्या आठवणी, १९० पानं. आयुष्यभर पुणे-महाबळेश्वर आणि पुणे-पंढरपूर केलेला माणूस. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली तिथून सुरुवात करून मग स्वतःच्या नोकरीवर आलेत. तिकिटांचा ट्रे, पंच, वेबिल, सहा किलोमीटरचा एक टप्पा, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, सगळं अगदी साधेपणाने लिहिलेलं. चार महिन्यांनी वाईहून फोन आला. म्हणाले, पान ६४ काढा. काढलं. म्हणाले, तुमची गाडी पसरणीचा घाट चढून वाईत येतेय. महाबळेश्वरला निघालेली गाडी आहे ना, मग आधी खंबाटकी, मग वाई, आणि पसरणी वाईच्या पुढे, पाचगणीला चढताना. हे कंडक्टर नक्की त्या रूटवर होते का?

मला घाम फुटला. लेखकाला फोन केला, ते त्याच दिवशी ऑफिसला आले, हस्तलिखित काढून बघितलं तर त्यात बरोबर होतं. टाइप करताना एक परिच्छेद खालचा वर गेला होता, आणि प्रुफं आम्ही तिघांनी वाचली होती, तिघांच्याही नजरेतून सुटलं. लेखक काहीच बोलेनात. तेवीस वर्षं ज्या रस्त्यावर घालवली तोच रस्ता स्वतःच्या पुस्तकात उलटा छापलेला. पाणी दिलं, थोड्या वेळाने म्हणाले त्यांचा नंबर द्या. आमच्याच फोनवरून त्यांनी वाईला फोन लावला आणि पाऊण तास बोलत होते. ते वाईचे गृहस्थ शिक्षक होते, पाचगणीच्या शाळेत रोज सकाळी सातच्या एसटीने जाऊन येऊन करायचे, म्हणजे या दोघांनी एकाच गाडीतून कितीदा प्रवास केला असेल काय माहीत.

त्यानंतर वाईतून चौदा प्रती गेल्या. मग सातारा, मग कोरेगाव, मग कुठल्यातरी डेपोतल्या लोकांमध्ये प्रत फिरली आणि कंडक्टर लोकांचे फोन यायला लागले. आणि एकाही फोनमध्ये नुसतं छान नव्हतं! एक जण म्हणाले ट्रेबद्दल लिहिलंय पण दिवसभर पंच मारून बोटाला घट्टे पडायचे ते का नाही लिहिलं. एकांनी चालकाबद्दल दोनच पानं आहेत म्हणून तक्रार केली, कंडक्टर एकटा गाडी चालवतो का म्हणाले. आणि सगळ्यात महत्त्वाचा फोन आला तो करमाळ्याकडच्या एका बाईंचा, त्यांचे यजमान कंडक्टर होते, आता नाहीत. त्या म्हणाल्या पुस्तकात वस्तीच्या गाडीवर चांगलं लिहिलंय, गावात गाडी मुक्कामी राहायची, कोणी भाकरी आणून द्यायचं, देवळात झोपायचे, वाचून बरं वाटलं. पण त्या रात्री घरी काय असायचं ते एका ओळीत पण नाही. पावसाळ्यात घाट बंद झाला की आम्हाला कोण सांगायचं, फोन होते का तेव्हा? मी ते बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवलं, सव्वा पान झालं.

लेखकाला वाचून दाखवलं. ते घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला विचारलं की तू त्या रात्री काय करायचीस. दुसऱ्या आवृत्तीत एक नवं प्रकरण आहे, अकरा पानांचं, वहिनींनी सांगितलेलं आणि लेखकांनी लिहून घेतलेलं, आणि माझ्या मते पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. पसरणीचा घाट पण जागेवर गेला. वाईच्या गुरुजींना सुधारलेली प्रत भेट म्हणून पाठवली तर त्यांनी पैसे पाठवले, म्हणाले चूक काढली म्हणून पुस्तक फुकट घेणार नाही.

आता मला सांगा, याला आहेर म्हणायचं का?

दुसरा एक प्रकार पुण्यात जास्त आहे, शुद्धलेखनवाले. लोक त्यांची टिंगल करतात, मला ते आवडत नाही. सदाशिव पेठेतल्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, आमचं प्रत्येक पुस्तक विकत घेतात, पेन्सिल घेऊन वाचतात आणि पंधरा दिवसांत पोस्टकार्ड येतं, बारीक अक्षरात पान, ओळ, काय छापलंय, काय हवं. एकदा 'स्वातंत्र्य दीन' छापलं गेलं होतं, दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब बिचारा, एका वेलांटीने स्वातंत्र्याची काय अवस्था झाली बघा असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या आधीच्या पिढीने ते जुने अनुस्वार सोडून १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम नव्याने शिकून घेतले आणि पुढच्यांना शिकवले, त्यामुळे त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची चूक म्हणजे कोणीतरी मेहनत वाया घालवल्यासारखी वाटते, आणि खरंच तसंच आहे.

पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो फॉन्टचा. जुनं पुस्तक श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं, ते नव्या आवृत्तीसाठी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केलं तर 'ऱ्य' सगळीकडे 'र्य' झालं. म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्यांचा झाला दर्या, डोंगरात समुद्र. आचाऱ्यांनी जेवण केलं तिथे आचार्यांनी केलं. अशा ४० च्या वर जागा होत्या आणि आमच्याकडून फक्त सहा पकडल्या गेल्या. बाकीच्या दापोलीच्या एका वाचकाने शोधून काढल्या, कॉलेजात शिकणारा मुलगा, व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो काढून लाल गोल करून पाठवले, रात्री साडेअकरापर्यंत पाठवत होता. सोबत एवढंच लिहिलं होतं की पुस्तक खूप आवडलं म्हणून राहवलं नाही. हे वाक्य मी तारखेच्या खाली दोनदा अधोरेखित केलंय. ज्याला पुस्तक आवडलेलं नसतं तो रात्री साडेअकराला लाल गोल करत बसत नाही.

न आवडल्याचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी एकच बाजू सांगतेय असं होईल. एका कादंबरीत अकोल्याकडची माणसं होती. लेखक पुण्याचे, तिकडे काही वर्षं नोकरीला होते. अकोल्याच्या एका वाचक बाईंनी पुस्तक परत पाठवलं, पैसे परत नकोत असं लिहून. आत जागोजागी खुणा होत्या. तोच माणूस एका पानावर 'मले' म्हणतो आणि पुढच्या पानावर 'मला', 'तुले' आणि 'तुला' एकाच वाक्यात. सोबत तीन पानी पत्र. त्यांनी लिहिलं होतं की माझी आई जन्मभर मले-तुले बोलली, मी पुण्यात हॉस्टेलला आले तेव्हा मुली हसायच्या म्हणून पहिल्या महिन्यात मी ते बोलणं सोडलं, आणि आता कोणीतरी माझ्या आईची भाषा पुस्तकात आणली म्हणून इतक्या आशेने पुस्तक मागवलं तर ती भाषा अशी अर्धीकच्ची, चवीपुरती टाकलेली.

लेखक चिडले. इतकं कोण बघतं म्हणाले. मी म्हटलं, ज्यांची भाषा आहे ते बघतात. (सरांसमोर लेखकाला असं बोलायला नको होतं, पण बोलले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.) त्यांनी बदल करायला नकार दिला, त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, अजून १८० प्रती माळ्यावर आहेत, आणि त्या बाईंना आम्ही जे उत्तर पाठवलं त्यात माफी होती पण सांगण्यासारखं काही नव्हतं. ते पत्र वहीत चिकटवलंय. एवढं मात्र झालं की तेव्हापासून बोलीभाषेतलं हस्तलिखित आलं की सर ते आधी त्या भागातल्या माणसाकडून वाचून घेतात, मालवणी असेल तर सिंधुदुर्गातल्या, अहिराणी असेल तर धुळ्याकडच्या, आणि त्याचं मानधन देतात. त्या एका पत्राने आमची कामाची पद्धत बदलली. एवढं बळ पेपरातल्या परीक्षणात मी अजून तरी पाहिलं नाही, माफ करा.

ऑनलाइन स्टारबद्दल फार लिहीत नाही. पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून एक स्टार मिळतो, आणि पाच स्टारच्या खाली 'मस्त' असतं. दुमडलेल्या कोपऱ्याची तक्रार खरी असते, मी आता जाड पुठ्ठा घालते, पण पुस्तकाबद्दल त्यातून काही कळत नाही.

हे सगळं एवढं का महत्त्वाचं, ते आमचा हिशोब बघितला तर लक्षात येईल. २५० रुपयांचं पुस्तक दुकानात किंवा वितरकाकडे ठेवलं की ४० ते ५० टक्के कमिशन जातं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, लोकांना वाटतं चांगलंच आहे की, पण आम्ही कागद घेतो त्यावर आहे आणि पुस्तकावर कर नसल्याने तो भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही, तो किमतीतच जातो. थेट वाचकाला पोस्टाने पाठवायचं तर बुक पोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तिच्या जागी ज्ञान पोस्ट मे २०२५ मध्ये आलं, आणि रजिस्टर पोस्ट पण त्याच वर्षी स्पीड पोस्टात गेलं. मधले काही महिने तर गडचिरोलीच्या माणसाला १२० रुपयांचा कवितासंग्रह हवा असला तर पाठवणीचा खर्च ऐकूनच तो गप्प बसायचा. अशात जाहिरातीला पैसे कुठून आणायचे. आमची जाहिरात म्हणजे एका वाचकाने दुसऱ्याला नाव घेऊन सांगणं, दुसरं काही नाहीच.

आणि दुसरी आवृत्ती काढायची की नाही ते वही बघून ठरतं, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. शेवटच्या वीस-पंचवीस प्रती उरल्या की सर वही मागतात. किती फोन आले ते बघत नाहीत, किती वेगळी गावं आहेत ते बघतात. एकाच शहरातून पन्नास फोन असतील तर ती लेखकाची ओळख असू शकते. पण वाई, करमाळा, दापोली, लातूर, आणि एखादा बेळगाव, असे बाराच फोन असले तरी पुस्तक आपल्या पायाने चाललंय हे कळतं. एसटीच्या पुस्तकाची वहीत एकोणतीस गावं आहेत.

कवितांचं गणित वेगळं. एका कवयित्रीचा संग्रह काढला, ३०० प्रती, दीड वर्ष एकही फोन नाही, पोस्टकार्ड नाही, लेखिकेने विचारणं पण बंद केलं. मग नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयातून ग्रंथपालांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. पुस्तकाच्या मागच्या बाजूला तारखेची चिठ्ठी असते ना, जिच्यावर शिक्का मारतात, तिचा फोटो. एकोणीस शिक्के होते. खाली लिहिलं होतं, चिठ्ठी भरत आली, नवीन लावतोय. बस एवढंच. कवितेबद्दल एक अक्षर नाही. एकोणीस वेळा कोणीतरी ते पुस्तक घरी नेलं आणि परत आणून दिलं आणि आम्ही इथे बसून समजत होतो की कोणी वाचलंच नाही. तो फोटो मी प्रिंट काढून लेखिकेला पाठवला, त्यांनी तो फ्रेम केलाय.

त्यामुळे "प्रतिक्रिया येत नाहीत म्हणजे कोणी वाचत नाही" हे पत्रलेखकांचं गणितच मला पटत नाही. वाचतात. बोलतात पण. फक्त ते बोलणं छापून येत नाही. ते आमच्या वहीत राहतं, ग्रंथपालाच्या चिठ्ठीवर राहतं, अप्पा बळवंत चौकात काउंटरवर राहतं. तिथली गोष्ट पण सांगते. तिथल्या दुकानांत मुख्य धंदा गाइडं आणि क्रमिक पुस्तकांचा, जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, अशात आमच्यासारख्यांची दोन-चार पुस्तकं वरच्या फळीवर असतात. मी महिन्याला चक्कर मारते आणि काउंटरवरचे काका एकच गोष्ट सांगतात, कोणी विचारलं किंवा कोणी विचारलं नाही. एका महिन्यात तीन माणसांनी नाव घेऊन विचारलं तर पुस्तक वरच्या फळीवरून समोर येतं. तीन माणसं फक्त! ज्यांना पुस्तक आवडलंय पण लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर नाव घेऊन विचारावं, विकत नाही घेतलं तरी चालेल.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या ग्राउंडवर पुस्तक महोत्सव भरतो २०२३ पासून, तिथे गर्दीत पण हेच दिसतं. बरेच जण कव्हरचा फोटो काढून जातात, ठीक आहे. पण गेल्या वेळी एक मुलगी शेजारच्या स्टॉलच्या पडद्याला टेकून खाली बसली आणि आमच्या पुस्तकाची चाळीस पानं वाचून उठली, पैसे नव्हते म्हणाली, पान नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि तीन दिवसांनी येऊन पुस्तक घेऊन गेली. ते पण वहीत आहे, पान ४१ पासून पुढे असं.

आता मागणं. आपल्या पेपरात पूर्वी 'साभार पोच' असायचं, आलेल्या पुस्तकांची यादी, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. दोन ओळी असायच्या पण त्या दोन ओळींची कात्रणं आम्ही जपून ठेवायचो आणि त्यावरून फोन यायचे. ते बंद झालं. परीक्षणं येतात पण ती बहुतेक लेखकांनी लेखकांवर लिहिलेली आणि मोठ्या प्रकाशनांची, त्यात आमचा नंबर लागत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जागा थोडी आहे हे मला समजतं. मला हवाय आठवड्याला अर्धा कॉलम, नुसता वाचकांसाठी. त्यात समीक्षा नको. वाचक कुठल्या गावचा, कुठलं पुस्तक, कुठल्या पानावर थांबला आणि का थांबला, एवढंच. आवडलं म्हणून थांबला की चुकलं म्हणून, दोन्ही चालेल. अट एकच ठेवा की पान नंबर पाहिजे. पान नंबर आला की आहेर आपोआप गळून पडतील, त्या पत्रलेखकांना जी भीती वाटते ती राहणार नाही.

ही काही माझ्या डोक्यातली नवीन कल्पना नाही. १९७४-७५ च्या सुमाराला मुंबईत ग्रंथाली सुरू झाली ती वाचक चळवळ म्हणूनच, वाचकाला सभासद करून घेतलं, पुस्तकं घेऊन गावोगाव ग्रंथयात्रा काढल्या, कारण वाचक समोर भेटल्याशिवाय प्रकाशकाला काही कळत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८४८ साली, लोकहितवादींनी प्रभाकर साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी इथे पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने लायब्ररी निघाली, आज आपण तिला नगर वाचन मंदिर म्हणतो. पेपरला पत्र आणि पुस्तकांचं घर, एकाच माणसाने एकाच वर्षात. मी त्या वाचन मंदिराच्या जवळून रोज चालत जाते म्हणून मला हे सारखं आठवतं.

पत्रलेखक जर हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. रागाने म्हणत नाहीये. तुम्ही कुठलं पुस्तक वाचून हे पत्र लिहिलंत ते कळवा, आमचं असो किंवा दुसऱ्या कोणाचं. पुस्तक वाईट होतं आणि त्याचं खोटं कौतुक झालं असं तुम्हाला वाटलं असणार, त्याशिवाय माणूस एवढ्या तळमळीने लिहीत नाही. कुठल्या पानावर तुमचा विश्वास उडाला ते सांगा. आमचं असेल तर मी वहीत लिहीन आणि सरांना आणि लेखकाला दाखवीन, हा शब्द देते.

सोबत वहीच्या चार पानांची झेरॉक्स जोडलीये, वाचकांची नावं आणि फोन नंबर पट्टी लावून झाकलेत. करमाळ्याच्या बाईंचं सव्वा पान त्यात आहे, त्यांना विचारूनच पाठवतेय, त्या म्हणाल्या छापा. पत्र छापायचं नसेल तर तेवढं छापा. आणि झेरॉक्स परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय, पत्ता लिहिलेला आहे.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे
(कृपया नाव छापू नये.)